प्रोग्राम बरोबर असतो, वीज कमी पडते!



विज्ञान प्रदर्शनात हल्ली आर्डुइनोवरची मॉडेल्स बरीच दिसतात. आपोआप उघडणारी कचरापेटी, रेल्वे फाटक, झाडांना पाणी देणारा पंप. एकेक भाग सुटा जोडला की छान चालतो. सगळे एकत्र जोडले की सर्व्हो मोटर थरथरते, दिवे मंद होतात, बोर्ड मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. आपण लगेच म्हणतो, "तुझा प्रोग्राम चुकलाय." मूल तोच प्रोग्राम दहा वेळा तपासतं आणि शेवटी म्हणतं, "मला हे जमत नाही." माझ्या मते नुकसान होतं ते इथे.

आता जरा आकडे पाहू. उनो आर-३ बोर्डाच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा; ४० ही अगदी शेवटची मर्यादा. सगळ्या पिन्स मिळून २०० च्या आत राहायला हवं. एक एलईडी १०-१५ मध्ये भागतो. पण छोटी एसजी-९० सर्व्हो अडकली तर एकटीच ५०० हून जास्त खेचू शकते, आणि यूएसबीवर चालणाऱ्या बोर्डाला मिळतात जेमतेम ५००! मग दोन सर्व्हो बोर्डाच्या ५ व्होल्ट पिनवर कशा चालतील? यात इलेक्ट्रॉनिक्स कुठे आहे? ही तर आपण वर्गात शिकवतो तीच बेरीज आहे.

म्हणून मुलांना एवढंच सांगा: बोर्ड हुकूम देतो, कष्टाची वीज बाहेरून आणायची. सर्व्होसाठी ५ व्होल्ट, २ अँपिअरचा तयार अडॅप्टर किंवा चार रिचार्जेबल एए सेल पुरतात. सर्व्होची फक्त सिग्नलची तार बोर्डाच्या पिनला जाते. पंप किंवा साधी मोटर मात्र थेट पिनला लावायची नाही, मध्ये मोटर ड्रायव्हर हवाच. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटरसमोर लवकर मान टाकते, तिच्यावर पैसे घालवू नका.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. बाहेरच्या पुरवठ्याची ऋण तार बोर्डाच्या जीएनडीला जोडावीच लागते. दोघांचा 'शून्य' एक नसेल, तर बोर्डाने पाठवलेला सिग्नल सर्व्होला नीट कळतच नाही. धन तारा मात्र वेगळ्या ठेवायच्या. आणि घरातल्या २३० व्होल्टच्या वायरिंगला मुलांनी हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

तयार किटवर हजार-दोन हजार खर्च करण्याआधी मुलाला वहीचं एक पान द्या. कोणता भाग किती मिलिअँपिअर घेतो, एकूण किती, पुरवठा किती, हे त्याला लिहू द्या. प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाल तेव्हाही "मॉडेल चालवून दाखव" म्हणण्याआधी ते पान मागा. मॉडेल ऐनवेळी बंद पडलं तरी, ज्या मुलाने हिशोब नीट मांडलाय त्याला विषय कळलेला असतो. गुण देताना त्याचाही विचार व्हावा, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या शाळेत हे कसं करता, जरूर कळवा.