गायरान आटले, दोष मात्र गुरांवर

मराठवाड्यातील माळराने उजाड का झाली, अशी चर्चा निघाली की पहिला आरोप होतो तो शेळ्या-मेंढ्यांवर आणि मोकाट गुरांवर. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे व पशुपालकांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले. त्या निमित्ताने हा आरोप तपासून पाहणे अगत्याचे आहे. परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीचा परिसर त्यासाठी बोलका ठरावा.

हा काळ्या, खोल जमिनीचा टापू. येथे जवळजवळ प्रत्येक तुकडा नांगराखाली आहे. त्यामुळे चराईसाठी उरतात ते बांध, ओढ्याकाठ, रस्त्याकडेची पट्टी आणि गायरानाचे अवशेष. पूर्वी ही उणीव ज्वारीचा कडबा भरून काढी. 'परभणी मोती'सारखे रब्बी ज्वारीचे वाण देणाऱ्या याच जिल्ह्यात आता खरिपावर सोयाबीनचे वर्चस्व आहे. सोयाबीनचे भुसकट कडब्याची बरोबरी करू शकत नाही. म्हणजे शेतातला चारा घटला आणि त्याचा भार उरल्यासुरल्या चराऊ जमिनीवर पडला.

अतिचराईने हानी होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दख्खनच्या माळावर मारवेल, पवन्या यांसारखी बहुवर्षायू, रुचकर गवते वाढतात. पहिल्या पावसानंतर कोवळे फुटवे सतत खुडले गेले, तर मुळांतील साठा संपतो. फुलोऱ्याच्या वेळी, म्हणजे पावसाळा सरताना, गवत खाल्ले गेले तर बी जमिनीवर पडतच नाही. मग कुसळी वाढते, तिच्यामागून तरोटा आणि गाजर गवत येते. त्यांतील फारसे काही जनावर खात नाही. ओल्या काळ्या मातीवर खुरांचा सतत दाब पडला की ती घट्ट होते, पाणी मुरण्याऐवजी वाहून जाते आणि पुढच्या वर्षीचे गवत आणखी विरळ होते.

मात्र यात निर्णायक असते ती विश्रांतीची उणीव. जनावरांची संख्या हा केवळ एक भाग. चराई पूर्ण थांबवली तरी माळ सुधारतोच असे नाही. न खाल्लेले गवत वाळून राठ होते, वणव्याला इंधन मिळते आणि काटेरी झुडपे पसरू लागतात. भटका धनगर आज येथे, उद्या तेथे मेंढ्या नेतो. त्या फिरतीतच जमिनीला विसावा मिळत असे. सुगीनंतर शेतात मेंढ्या बसवून लेंडीखत मिळवण्याची रीतही याच व्यवहाराचा भाग होय.

आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत चराईबंदी आहे आणि हिवरेबाजारने ती यशस्वी करून दाखवली. तेथे गवत कापून नेण्याची मुभा होती, पाणलोटाची कामे झाली आणि ग्रामसभेचा वचक होता. यांपैकी काहीही नसताना नुसती बंदी घातली, तर तिचा भुर्दंड ज्याच्याकडे शेत नाही, फक्त चार शेळ्या आहेत त्यालाच बसतो.

खरा प्रश्न आकुंचणाऱ्या सामाईक जमिनीचा आहे. अर्थतज्ज्ञ एन. एस. जोधा यांनी १९८६ मध्ये देशाच्या कोरडवाहू भागांतील अभ्यासातून दाखवले की स्वातंत्र्योत्तर तीन दशकांत अशा जमिनी मोठ्या प्रमाणात घटल्या. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले आणि त्याच वर्षी राज्य शासनानेही गायरानाबाबत निर्णय काढला. पण मराठवाड्यात हा प्रश्न सरळ नाही. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या लढ्यानंतर अनेक दलित कुटुंबांनी गायरान कसून पोट भरले. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनानेच १९९१ मध्ये घेतला. या कुटुंबांना आणि गायरानावर इमले बांधणाऱ्यांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय ठरेल. गुराखी आणि भूमिहीन यांना एकमेकांविरुद्ध उभे करून माळ वाचणार नाही.

मग करावे काय? प्रत्येक ग्रामपंचायतीने उरलेल्या गायरानाची मोजणी करून हद्द निश्चित करावी. त्याचे तीन-चार भाग पाडून दरवर्षी एक भाग बी पडेपर्यंत राखावा. भटक्या मेंढपाळांच्या वाटा आणि मुक्कामाचे दिवस ग्रामसभेत ठरावेत. गवताळ माळाला पडीक समजून तेथे सरसकट वृक्षलागवड करू नये. चाऱ्याचे पीक घेणाऱ्याला सोयाबीनच्या तोडीचे उत्पन्न कसे मिळेल, याचा विचार परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि शासनाने मिळून करायला हवा.

दुष्काळ पडला की चारा छावण्यांवर कोट्यवधी रुपये खर्च होतात. त्यांतला थोडा वाटा चांगल्या पावसाच्या वर्षी गायरानावर खर्च झाला, तर पुढच्या दुष्काळात छावणीची गरज पुष्कळ कमी होईल.