विश्लेषण : करोनानंतर कुष्ठरुग्णांची नोंद वाढली, ही चांगली बातमी का?

करोनाच्या पहिल्या वर्षात देशातील नव्या कुष्ठरुग्णांची नोंद ४३ टक्क्यांनी घटली. शोधमोहिमा पुन्हा सुरू झाल्यावर ती वाढू लागली. घट झाली तेव्हा आजार हटला नव्हता आणि वाढ झाली म्हणून तो पसरला असेही नाही. वर्धा जिल्ह्यातील रोहण्यासारख्या गावांत थांबलेला उपचार कार्यक्रम पुन्हा उभा करणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

शोधमोहीम का थांबली?

२५ मार्च २०२० पासून देशात टाळेबंदी लागू झाली. १ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोग, हत्तीरोग यांसारख्या दुर्लक्षित आजारांसाठीचे घरोघरी सर्वेक्षण, रुग्णशोध आणि सामुदायिक औषधवाटप पुढे ढकलण्याचा सल्ला दिला. घरोघरी फिरणाऱ्यांकडूनच करोना पसरण्याची भीती होती.

आर्वी तालुक्यातील रोहणा आणि आसपासच्या गावांत हे काम आशा स्वयंसेविकांवर अवलंबून असते. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यभर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि आरोग्य पथके पुन्हा दारोदारी गेली. मात्र त्यांच्या हाती तापमापक आणि ऑक्सिमीटर होते. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला ना ताप येतो, ना तो दुखतो. पथक दारात येऊनही पाठीवरचा बधिर चट्टा नजरेआड राहू शकत होता.

आकडे काय सांगतात?

२०१९-२० मध्ये देशात १ लाख १४ हजार ४५१ नवे कुष्ठरुग्ण नोंदले गेले. २०२०-२१ मध्ये ही संख्या ६५ हजार १४७ वर आली. २०२१-२२ मध्ये ७५ हजार ३९४, तर २०२२-२३ मध्ये १ लाख ३ हजार ८१९ रुग्णांची नोंद झाली.

या आजाराचे जिवाणू अतिशय संथ वाढतात. संसर्गानंतर लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही लागतात. म्हणजे २०२० मध्ये ज्यांना चट्टे उठले, त्यांचा संसर्ग बराच जुना होता. टाळेबंदीमुळे रुग्ण एकाएकी निम्म्यावर येणे शक्यच नव्हते. २०१९-२०ची पातळी गृहीत धरली, तर दोन वर्षांत मिळून सुमारे ८८ हजार रुग्ण कमी नोंदले गेले. ते सगळे नंतर सापडले असते, तर पुढच्या वर्षीचा आकडा जुन्या पातळीच्या बराच वर जायला हवा होता. तो तिथपर्यंतही पोहोचला नाही.

क्षयरोगाशी तुलना केली की फरक कळतो. २०१९ मध्ये क्षयरोगाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये १८ लाख. २०२२ मध्ये मात्र नोंद पुन्हा २४ लाखांवर गेली. खोकला थांबला नाही, वजन घटले की माणूस दवाखाना गाठतो. कुष्ठरोगाचा चट्टा त्रास देत नाही आणि त्यात लोकलाजही असते. त्यामुळे आरोग्य यंत्रणेलाच रुग्णापर्यंत जावे लागते.

उशिराची किंमत किती?

कुष्ठरोगाचे उपचार मोफत आहेत. बहुविध औषधोपचार सौम्य प्रकारात सहा महिने, तर जास्त चट्टे असलेल्यांना बारा महिने घ्यावे लागतात. या औषधांनी जिवाणू मरतात, पण मेलेली नस परत जिवंत होत नाही. नसेची इजा सहा महिन्यांच्या आतली असेल, तर स्टिरॉइडने ती बऱ्याचदा भरून येते. त्यानंतर आशा कमी होत जाते. हातापायांच्या संवेदना गेल्या की चुलीचा चटका किंवा रुतलेला काटा कळत नाही, जखमा चिघळतात, बोटे वाकतात. कापूस वेचणाऱ्या हातांसाठी हा रोजीरोटीचा प्रश्न आहे. शोधमोहीम वर्षभर लांबणे म्हणजे सहा महिन्यांची ती मुदत सहज उलटून जाणे.

पुन्हा सुरुवात कशी झाली?

जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मोहिमा पुन्हा सुरू करण्याबाबत मार्गदर्शन दिले. करोनाचा धोका आणि मोहीम थांबल्याचे नुकसान आधी तोलायचे, मग अंतर, मुखपट्टी, हात धुणे ही खबरदारी घेत काम करायचे, असा त्याचा गाभा होता. महाराष्ट्राने डिसेंबर २०२० मध्ये क्षयरोग आणि कुष्ठरोगाची संयुक्त शोधमोहीम हाती घेतली. अशा मोहिमेत आशा स्वयंसेविका महिलांची, तर पुरुष स्वयंसेवक पुरुषांची तपासणी करतात. संशयित रुग्णाला प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी तपासतात. पण २०२१ च्या दुसऱ्या लाटेने आणि लसीकरणाच्या भाराने हेच मनुष्यबळ पुन्हा करोनाकडे वळले.

वर्ध्याचा अनुभव काय शिकवतो?

घरोघरी शोधाचा धडा वर्ध्याला नवा नाही. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानने डॉ. आर. व्ही. वार्डेकर यांच्या नेतृत्वाखाली सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री घडवली. पुढे ती राष्ट्रीय कार्यक्रमाचा पाया ठरली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाले, त्यांत वर्धा होता.

नंतर डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाखाली आले आणि आजार संपल्याची समजूत पसरली. शोध सैलावला. २०१६ मध्ये घरोघरी मोहिमा सुरू होताच दडलेले रुग्ण पुढे आले. करोनाने हीच चूक सक्तीने, आणि अधिक मोठ्या प्रमाणावर, पुन्हा घडवली.

पुढे काय पाहायचे?

२०२७ पर्यंत कुष्ठरोगाचा प्रसार थांबवण्याचे उद्दिष्ट केंद्राने ठेवले आहे. उद्दिष्ट जवळ आले की कमी आकडा दाखवण्याचा मोह होतो. म्हणून एकूण संख्येपेक्षा दोन प्रमाणे महत्त्वाची : नव्या रुग्णांत निदानाच्या वेळीच विकृती आलेले किती आणि त्यांत मुले किती. विकृतीचे प्रमाण वाढले, तर निदान उशिरा होत आहे. मुले सापडत असतील, तर घरात किंवा शेजारी न सापडलेला रुग्ण आहे आणि संसर्ग चालू आहे. रुग्णाच्या निकटवर्तीयांना रिफाम्पिसिनची एक प्रतिबंधक मात्रा देता येते, पण त्यासाठीही आधी तो रुग्ण सापडावा लागतो. त्यामुळे रोहण्यात एखाद्या मोहिमेनंतर नोंदवहीत चार नावे वाढली, तर गावाला नावे ठेवण्याचे कारण नाही. ती चार माणसे उपचारांपर्यंत पोहोचली, एवढाच त्याचा अर्थ.