मिश्रण केले म्हणजे शोध लागला काय?

पुष्टिदायक पेयाच्या डब्यावरील घटकद्रव्यांची यादी सहसा कोणी वाचत नाही. एकदा वाचून पाहा. जवाचा माल्ट, दूध भुकटी, साखर, कोको आणि वर डझनभर जीवनसत्त्वे व क्षार. आता समजा, या द्रव्यांचे एक वेगळे प्रमाण ठरवून एखाद्या कारखानदाराने त्यावर पेटंट मागितले. पेटंट मिळाले की अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे त्याच्या परवानगीवाचून इतर कोणाला ते पेय करून विकता येणार नाही. मग ते द्यावे काय?

माझ्या मते, बहुधा देऊ नये. वस्तू नुसती नवी असून भागत नाही; त्या विषयातील जाणकाराला ती सहज सुचण्याजोगी असता कामा नये. घटकांच्या गुणांची केवळ बेरीज करणारे मिश्रण हा शोध नव्हे, असे आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे ३ रे कलम सांगते. भेळेत शेव जास्त घातली म्हणून भेळवाला संशोधक होत नाही! कॅल्शियम शोषले जावे म्हणून जोडीला 'ड' जीवनसत्त्व घालणे तुम्हांलाही सुचेल. नाचणीला मोड आणले की अमायलेज हे विकर वाढते, पिष्टाचे तुकडे होतात आणि पेज पचायला हलकी होते. विकराचे नाव ठाऊक नसतानाही घरोघरच्या आज्या हे करीतच होत्या. अशा गोष्टींची मक्तेदारी दिली, तर नाचणीसत्त्व विकणाऱ्या बचतगटातील बायकांना वकील गाठावा लागेल. (आपल्याकडे २००५ पूर्वी अन्नपदार्थाचे पेटंट मिळतच नसे, फक्त तो बनविण्याच्या कृतीचे मिळे.)

परंतु 'त्यात काय, मीठ-साखर तर आहे!' असे म्हणण्याची घाईही नको. जलसंजीवनीचेच पाहा. पटकीच्या रोग्याला नुसते मीठपाणी पाजले तर ते आतड्यात नीट शोषले जात नाही. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशींत जोडीने शिरतात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडले. त्यांच्या पाठोपाठ पाणीही आत जाते. इथे एकाने होत नाही ते दोघांनी होते. प्रमाणही सांभाळावे लागते. साखर फार झाली तर पाणी उलट आतड्यात ओढले जाते आणि जुलाब वाढतात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे पाणी पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

गंमत अशी की, कोलकात्याच्या हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी ग्लुकोज-मिठाच्या पाण्याचा अनुभव १९५३ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये छापला होता. जाणकारांनी तो फारसा मनावर घेतला नाही. म्हणजे त्या काळी ही गोष्ट सहज सुचणारी खासच नव्हती. पण १९७१ मध्ये कोणी या सूत्राचे पेटंट मागितले असते, तर ते नाकारणेच योग्य ठरले असते. मिश्रण तेच, तारीख वेगळी.

तेव्हा परीक्षकाने उत्तर कळल्यानंतरचे शहाणपण बाजूला ठेवून अर्जाच्या दिवशी काय ठाऊक होते ते पाहावे. आणि कारखानदाराने आकडे आणावेत : प्रत्येक द्रव्य एकेकटे दिल्यावर काय झाले, एकत्र दिल्यावर काय झाले. डब्यावरचे चित्र कितीही धष्टपुष्ट असले तरी ते पुरावा म्हणून चालणार नाही.