बिऱ्हाड हलविताना राहून गेलेली तार

गेल्या अंकी आम्ही वाडा सोडल्याची हकीगत वाचकांस सांगितली होती, आणि देव, पुस्तके व लोणच्याच्या बरण्या ह्या तीन वस्तू कशा हलवाव्यात ह्याविषयी चार शब्द लिहिले होते. त्या लेखातून एक गोष्ट आम्ही हेतुतः वगळली होती. कारण ती सांगण्याची आम्हांस लाज वाटत होती. आता ते प्रकरण निस्तरले आहे, तेव्हा सांगण्यास हरकत नाही.

सदाशिव पेठेतील आमचा वाडा पुनर्विकासासाठी पाडावयाचा ठरला आणि आम्ही नऊ माणसे कोथरुडास तिसऱ्या मजल्यावरील शेजारशेजारच्या दोन सदनिकांत राहावयास आलो. निघण्यापूर्वी आम्ही स्वहस्ते एक यादी केली होती. पस्तीस वर्षे हजेरीपट लिहिलेला मनुष्य यादीत चुकणार नाही, असा आमचा समज. तीत १०७ बाबी होत्या. गॅसची नोंदणी बदलणे होते, दूधवाला होता, वर्तमानपत्रवाला होता, शिधापत्रिकेवरील पत्ता होता. फार काय, मोरीच्या नळाच्या तोटीचे मापही होते. घरातील इंटरनेटची तार मात्र त्या यादीत नव्हती. वाड्यात ती पुष्कळ वर्षांपूर्वी कोपऱ्यावरच्या केबलवाल्याने ओढून दिली होती आणि वीज व पाणी ह्यांप्रमाणेच ती भिंतीतून आपोआप येत असावी, अशी आमची समजूत होऊन बसली होती.

अगदीच विसर पडला होता असेही नव्हे. नव्या इमारतीच्या फाटकापाशी छत्री लावून बसलेल्या एका तरुणाने आम्हांस हाक मारली. "काका, सहा महिन्यांचे एकदम भरा, बसवणावळ माफ, राउटर फुकट, वर सिनेमाची बारा ॲप." दर इतरांहून कमी होता. आम्ही मुलांना विचारले नाही, सुनांना तर नाहीच. कुटुंबप्रमुखाने एवढीशी बाब परस्पर मिटवावी हेच आम्हांस प्रशस्त वाटले. पैसे भरले, पावतीची घडी करून पंचांगात ठेवली आणि घरी कोणास सांगण्याचेही राहून गेले. त्या कंपनीचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. तिच्याइतकाच दोष आमचाही होता.

अठ्ठेचाळीस तासांत जोडून देऊ, असे तिचे वचन होते. प्रत्यक्षात अकरा दिवस गेले, तरी तार आली नाही. कारण पुढे कळले. ह्या काचतंतूंच्या जाळ्यात एकाच तंतूतून येणारा प्रकाश इमारतीजवळच्या पेटीत विभागून आठ, सोळा अथवा बत्तीस घरांस पुरवितात. आमच्या इमारतीतील पेटीच्या सर्व जागा आधी आलेल्या बिऱ्हाडांनी भरल्या होत्या. दुसरी पेटी बसविण्यास सोसायटीच्या चिटणिसांची परवानगी हवी आणि चिटणीस गावी गेलेले. छत्रीखालच्या तरुणास ह्यातले काही ठाऊक नव्हते; त्याचे काम पावती फाडण्याचे.

आता घरातील स्थिती सांगतो. थोरली सून बंगळूरच्या एका कंपनीचे हिशेबाचे काम घरून करते. ती बिचारी रोज माहेरी, कर्वेनगरास, जाऊन बसू लागली. धाकटी परदेशातील मराठी मुलांना मराठी शिकविते. कॅलिफोर्नियातील मुलांची सायंकाळ ती आपली सकाळ; त्यामुळे तिचा पहिला वर्ग साडेसहास भरतो. पाचव्या दिवशी आम्ही फिरून परत येत असता दुसऱ्या व तिसऱ्या मजल्यांमधील जिन्याच्या खिडकीपाशी ती शाल पांघरून पायरीवर बसलेली दिसली. मांडीवर संगणक, कानांत बोंडे, खिडकीच्या कट्ट्यावर टेकविलेला मोबाइल. सदनिकेच्या आतल्या खोल्यांत रेंज येत नव्हती, ती त्या खिडकीत येई. एका मुलाकडून ती 'कमळ' शब्दातला ळ घोटून घेत होती. खालून दूधवाला आला; तिने उठून त्यास वाट दिली आणि पुन्हा बसली. आम्हांस पाहून संकोचाने हसली व ओठांवर बोट ठेवून 'बोलू नका' अशी खूण केली.

आम्ही पस्तीस वर्षे वर्ग घेतले. शिपाई घंटा देई, फळा पुसलेला असे, खडू मेजावर असे. ह्या मास्तरीणबाईंस मात्र आम्ही पायरीवर बसविले होते.

त्या अकरा दिवसांत तिच्या दोन विद्यार्थ्यांच्या आईबापांनी 'आवाज फार तुटतो' म्हणून शिकवणी थांबविली. आमची वाचलेली बसवणावळ आणि तिची बुडालेली फी ह्यांचा हिशेब आम्ही मनाशी केला. घरात तो कोणीही बोलून दाखविला नाही, ह्याचेच आम्हांस अधिक लागले. अखेर बाराव्या दिवशी तिला म्हणालो, "आमचे चुकले. आता हे तू ठरव." ती म्हणाली, "बाबा, ठरवायचे नंतर. आधी चार घरी विचारून येते."

तिने विचारलेला प्रश्न आमच्या ध्यानात कधी आला नसता. कोणती कंपनी चांगली, असे तिने कोणासही विचारले नाही. त्याला ज्याचे त्याचे उत्तर निराळे येते. तिने विचारले, "रात्री नऊ वाजता कसे चालते? आणि बिघडले तर मनुष्य किती दिवसांनी येतो?" रात्री नवाच्या सुमारास साऱ्या इमारतीत चित्रपट व क्रिकेट चालू असते, त्या वेळी जी तार तग धरते ती खरी. सहा मजले फिरून आल्यावर तिच्या वहीत तीन नावे होती, त्यांतली एक आमची पावती फाडणारी. ते नाव तिने खोडले नाही. त्याच्यापुढे फक्त 'पेटी भरलेली' असे लिहिले.

त्यानंतर जाहिराती वाचण्याचे काम तिने आमच्याकडे सोपविले, आणि येथे मात्र आमचे जुने शिक्षण उपयोगी पडले. '१०० एमबीपीएसपर्यंत' ह्या शब्दसमूहात सगळा भार 'पर्यंत' ह्या शब्दयोगी अव्ययावर आहे. ते वरची मर्यादा सांगते, खालची सांगत नाही. सरकारी व्याख्येने ब्रॉडबँड म्हणजे किमान किती वेग, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे: २००४ च्या धोरणात तो २५६ केबीपीएस होता आणि २०२३ पासून २ एमबीपीएस आहे. दुसरा घोटाळा ह्रस्वदीर्घासारखा आहे. रोमन लिपीतला लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसची तार घेतली असता संगणकावर सेकंदास जास्तीत जास्त साडेबारा एमबी उतरताना दिसतात. आमच्या थोरल्या चिरंजिवांनी पूर्वी ह्यावरून वाड्यातल्या केबलवाल्याशी भांडण केले होते. त्यात केबलवाल्याचीच बाजू खरी होती, हे आज त्यांस मान्य करावे लागले.

वेग हवा तरी किती? चित्रासह चालणाऱ्या एका वर्गास साधारण तीन ते चार एमबीपीएस जाता व येता पुरतात. चांगल्या प्रतीच्या चित्रपटास पाच. नऊ माणसांनी एकाच वेळी जो तो आपल्या यंत्रात डोके घातले तरी ५० च्या आत काम भागते. तेव्हा ३०० आणि ५०० चे आकडे पाहून भुलण्याचे कारण नव्हते. आम्ही १०० चीच योजना घेतली. 'जाता व येता' हे शब्द आम्ही मुद्दाम लिहिले. जुन्या तांब्याच्या टेलिफोन तारेवर येणारा वेग बरा असे, जाणारा अगदी अल्प. पाहणाऱ्यास तो चालतो, शिकविणाऱ्यास चालत नाही. कारण शिक्षकाचा आवाज घरातून बाहेर जावा लागतो. बहुतेक फायबर योजनांत दोन्ही वेग सारखे असतात, तथापि तसे लेखी विचारून घ्यावे. काचतंतू घरापर्यंत येतो की इमारतीपर्यंतच, हेही विचारावे. काही केबलवाले इमारतीपर्यंत फायबर आणतात व तेथील विजेवर चालणाऱ्या पेटीतून पुढे साधी तांब्याची केबल नेतात. मग जिन्यातली वीज गेली की सर्वांचे नेट जाते. जेथे फायबर मुळीच पोहोचले नाही तेथे मोबाइलच्या मनोऱ्यावरून घरात नेट देणारी पेटीही २०२३ पासून मिळू लागली आहे. आमच्या आतल्या खोल्यांत मोबाइलच लागत नसल्याने तो विचार आम्ही सोडला.

किमतीविषयी थोडक्यात. जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के जीएसटी पडतो. 'अमर्याद' म्हणून सांगितलेल्या पुष्कळ योजनांत महिना ३३०० जीबीनंतर वेग उतरवितात. एवढे आमच्या घरी कधी लागेल असे वाटत नाही, पण शब्द 'अमर्याद' असावा आणि खाली मर्यादा असावी, हे संस्कृतच्या मास्तरास खटकतेच. सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे आगाऊ भरावयाचे असतील तर आधी एक महिना चालवून पाहावे. आम्ही उलट केले आणि त्याचे फळ वर सांगितलेच आहे.

तार आली, आणि मग ती घरात कोठे ठेवावी ह्यावरून एक दिवस गेला. राउटर दाराजवळच्या चपलांच्या कपाटात बंद करावा, म्हणजे दिवाणखान्याची शोभा जात नाही, असे आमचे मत. आमच्या सौभाग्यवतींना तो देवघराच्या फळीवर चालणार नव्हता, आणि ते रास्तच होते. जोडावयास आलेला मुलगा तोंडाने थोडा, पण हाताने चोख होता. त्याने केसासारखा तंतू सोलला, पुसला, कापला आणि यंत्रात धरून जोडला. मग तो म्हणाला, "आजोबा, कपाटात ठेवलात तर चपलांनाच नेट मिळेल." वायफायच्या दोन लहरी असतात, २.४ गिगाहर्ट्‌झची लांब जाते व भिंती बऱ्या ओलांडते, ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान, पण एकदोन भिंतींतच दमते. लोखंडी कपाट, मोठा आरसा, फ्रीज ह्यांच्या आड राउटर ठेवू नये, आणि मायक्रोवेव्हच्या शेजारी तर नकोच, कारण तोही २.४ च्याच आसपास बोलतो. अखेर तो दोन सदनिकांच्या मधल्या भिंतीवर, उंच, उघड्यावर लागला. तरीही पलीकडच्या सदनिकेच्या मागल्या खोलीत, म्हणजे नेमक्या वर्गाच्या खोलीत, आवाज अडखळे. तेथवर केबल ओढून दुसरा राउटर लावावा लागला. रंग देण्यापूर्वी भिंतीतून एक रिकामी नळी टाकून ठेविली असती तर हे काम दीडशे रुपयांत झाले असते. आता ती केबल छताच्या कडेने पांढऱ्या पट्टीखालून धावते, आणि जेवताना नजर वर गेली की आम्हांस आमची यादी आठवते.

राहिला जुना टेलिफोन. आमच्या वडिलांनी नाव नोंदविल्यावर सात वर्षांनी, १९८६ साली, तो वाड्यात आला. त्या सात वर्षांत कोणी चिडल्याचे आम्हांस स्मरत नाही; अकरा दिवसांत मात्र घर अस्वस्थ झाले. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य माणसास इंटरनेट खुले केले. त्यानंतर काही वर्षांनी धाकट्या चिरंजिवांनी त्याच टेलिफोनच्या तारेवर, शीळ घालणाऱ्या मोडेमसह, पहिले पत्र पाठविले होते. तेवढा वेळ घरचा टेलिफोन बंद राही आणि आत्याबाई रागावत. मोबाइलचा क्रमांक कंपनी बदलली तरी आपल्याबरोबर येतो. २०११ पासून ती सोय देशभर आहे. घरच्या टेलिफोनास ती नाही. आम्ही कंपनी बदलली, तो क्रमांक गेला. त्या क्रमांकावर आमच्या दोन्ही बहिणींची बाळंतपणे कळली आणि वडील गेल्याचे रात्रीतून सर्वांस कळविले गेले. आम्ही पंचवीस पोस्टकार्डे लिहून नातलगांस नवा क्रमांक कळविला. मुले हसली, पण पाच कार्डांची उत्तरे आली, आणि त्यांतले एक अशा मावशींचे होते की ज्या कोणाचा मोबाइल उचलीत नाहीत.

पहिल्या कंपनीचे पैसे परत मिळण्यास दोन महिने लागले. फाटकावरचा तरुण तोवर दुसऱ्या फाटकावर गेला होता, तेव्हा त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. तक्रारकेंद्रास कळविले की तक्रारीचा क्रमांक मिळतो. तो लिहून घ्यावा. तेथे दाद न लागल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनी ही दुसरी पायरी ठेवणे कंपन्यांस बंधनकारक केले आहे. तोंडी बोलण्याने सहा आठवडे जे झाले नाही ते त्या क्रमांकासह लिहिलेल्या एका पानी अर्जाने झाले. अर्ज आम्ही लिहिला. सुनेने त्यातली तीन विशेषणे काढून टाकिली. आणखी एक: जुन्या ठिकाणचा राउटर परत करताना त्याची पोच घ्यावी, आणि नवी तार आठ दिवस नीट चालल्याखेरीज जुनी, शक्य असेल तर, बंद करू नये. एक महिन्याचे दुहेरी भाडे पडते, ते पडू द्यावे.

राउटरलाही वीज लागते, हे शेवटी शिकलो. आता दोन्ही राउटरना एकेक छोटी बॅटरी जोडली आहे. गेल्या आठवड्यात पहाटेच वळवाच्या पावसाने वीज गेली. पंखा थांबला, दिवे गेले. आम्ही स्वयंपाकघरात काडेपेटी शोधीत होतो. पलीकडच्या मागल्या खोलीतून 'कमळ, ओळ, बाळ' असे चालूच होते. भांडे हातातून निसटले तेव्हा सौभाग्यवती अंधारातूनच आम्हांस म्हणाल्या, "हळू. तिचा वर्ग आहे."