पापड तिचे, फोन त्यांचा

महिला मेळाव्यांना मी हल्ली जात नाही, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. तरी या आठवड्यात पुण्याच्या मित्राने पोलादपूरला एका मेळाव्याला ओढून नेलंच. शहरातून आलेल्या वक्त्याने घाटातल्या बायकांना दोन तास ‘ब्रँड’ समजावला. बायकांचा जीव एसटीच्या वेळेत अडकलेला.

प्रशिक्षणांना राज्यात तोटा नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, 1975 पासून आहे, ग्रामीण जीवनोन्नतीचं ‘उमेद’ अभियान 2011 पासून. 15 ऑगस्ट 2023 ला लाल किल्ल्यावरून ‘लखपती दीदी’ची घोषणा झाली, तेव्हापासून वर्षाला लाखभर कमावण्याचं लक्ष्यही ठरलंय. दहा-वीस जणींचा गट, दरमहा बचत, आधी गटातलं कर्ज, मग बँकेचं. सगळं रीतसर.

मेळाव्यानंतर आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे निघालो. वाटेत एक बाई नाचणीचे पापड आणि कोकम घेऊन बसल्या होत्या. पुड्यावर गटाचं लेबल, समोर क्यूआर कोड. मित्राने दहा रुपयांसाठी घासाघीस केली. हाच गृहस्थ तासाभराने वर स्ट्रॉबेरी क्रीमचा भाव न विचारता दोन प्लेट सांगणार होता! पण ते असो. कोड स्कॅन करून रेंज शोधत मी वळणापर्यंत चालत गेलो, तर नाव आलं पुरुषाचं.

‘‘हे कोण, मावशी?’’

‘‘आमचे मालक. मुंबईला असतात.’’

‘‘मग पैसे आले हे तुम्हाला कसं कळतं?’’

‘‘फोन लावायचा. ते सांगतात, आले म्हणून.’’

म्हणजे पापड आंबेनळीत विकला जातो आणि पैसे पोचल्याची वर्दी मुंबईहून येते. मालकांचा फोन लागला नाही, की गिऱ्हाइकाच्या इमानावर. कर्ज कोणाच्या नावावर, असंही विचारलं. ‘‘माझ्या. गटाचं आहे ना!’’ हप्ता चुकला तर गट तिला विचारणार, पैसा मात्र त्यांच्या फोनात.

बाईंचं खातं नाही असंही नाही. 2024 मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी रांगेत उभं राहून त्यांनी ते आधारला जोडून घेतलंय. पण बँकेत नोंदलेला मोबाइल नंबर मालकांचा. तो बदलायचा तर शाखेत जायचं, अर्ज भरायचा. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, दिवस मात्र पुरा मोडतो. मेळाव्यात कोणी तेवढे अर्ज भरून घेतले असते, तर दोन तास सत्कारणी लागले असते.

घाट चढला की सातारा जिल्हा लागतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला, म्हसवडला, चेतना सिन्हा यांनी 1997 मध्ये बायकांची माणदेशी बँक उभी केली. आधी रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला होता, कारण संस्थापक बायकांमध्ये अंगठेबहाद्दर बऱ्याच. त्या अक्षरं शिकून पुन्हा गेल्या आणि साहेबांनाच म्हणाल्या, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुम्हीही कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवा. परवाना मिळाला. आमच्या मावशींचाही हिशोब तोंडपाठ होता. दहा रुपये कमी केले तर पुड्यामागे काय उरतं, ते त्यांनी मित्राला उभ्या उभ्या सांगितलं. तो गप्प.

गाडीत बसल्यावर मात्र त्याला कंठ फुटला. घरचाच पैसा, नवऱ्याकडे काय नि बायकोकडे काय, म्हणाला. वहिनींचं यावर काय मत आहे, ते विचारणार आहे. एक पुडा त्यांच्यासाठी घेऊन ठेवलाय.