पोटऱ्या जाड, पण ताकद कमी

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांधीत राबणाऱ्याच्या पोटऱ्या भरतात, ती मेहनतीची कमाई. पण चार-पाच वर्षांच्या मुलाच्या पोटऱ्या फुगल्या आणि तो सारखा पडत असेल, तर कौतुक करू नका. त्याला जमिनीवरून उठताना बघा. आधी जमिनीवर, मग गुडघ्यांवर, मांड्यांवर हात टेकत उठतो का? याला गॉवर्स चिन्ह म्हणतात. ही दुशेन स्नायुविकाराची खूण असू शकते.

माझे मत स्पष्ट आहे: टॉनिकआधी रक्तातील सीपीके तपासा. स्नायू झिजले तरी एसजीपीटी वाढते आणि मूल विनाकारण काविळीची औषधे घेत राहते. सीपीके खूप वाढले असेल तर जनुकीय तपासणी करावी. त्यातून उत्तर न मिळाल्यास स्नायूचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तंतू लहान-मोठे, मध्ये चरबी आणि डिस्ट्रोफिन हे प्रथिन जवळजवळ नाहीच, असे चित्र दिसते.

'बराच होत नाही, मग तपासायचे कशाला?' स्टिरॉइडने चालणे आणखी काही काळ टिकते, हृदयावर लक्ष ठेवता येते. आईची तपासणी झाली, तर पुढच्या बाळाचा निर्णय डोळे उघडे ठेवून घेता येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही हा आजार आहे. अंगणवाडीत, शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला मुलाचे उठणे जरूर दाखवा.