कामापुरते पुणे

"पुणे पाहिले का?" हा प्रश्न आपल्याकडे मोठ्या सहजपणे विचारला जातो आणि तितक्याच सहजपणे त्याचे उत्तरही दिले जाते. शनिवारवाडा, पर्वती, सारसबाग, तुळशीबाग अशी चार नावे घेतली की पुणे पाहून झाले! परंतु या शहरात रोज अशी कितीतरी माणसे येतात, की ज्यांच्या वाट्याला यांतले एकही नाव येत नाही. कोणी कोर्टाच्या तारखेला येतो, कोणी ससूनमध्ये आपल्या माणसाचा डबा घेऊन, कोणी मुलाखतीला, कोणी स्पर्धापरीक्षेच्या एका पेपरला, तर कोणी माल घेऊन. काम झाले की ही माणसे परतीची एसटी धरतात. त्यांनी पाहिले ते कोणते पुणे? आणि ते पुणे नव्हे काय? विद्यार्थी मित्रहो, या प्रश्नाचा विचार आपण करावा असे मला वाटते.

उदाहरण घरचेच देते. आम्ही पुरंदरचे. अंजीर आणि सीताफळ हा आमचा माल. माझे वडील गेली पंचवीस वर्षे हंगामात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतात. मध्यरात्र उलटली की टेम्पो निघतो आणि दिवे घाट उतरतो. उजाडायच्या आत गाळ्यावर माल लागतो. हमाल, तोलणार, अडते, खरेदीदार यांची एकच झुंबड उडते. भाव फुटतो, पट्टी हातात पडते आणि ऊन चढायच्या आत वडील पुन्हा घाटाला लागतात. कारण रानात पाणी द्यायचे असते. पंचवीस वर्षांत त्यांच्या पुण्याच्या खेपा किती झाल्या याची मोजदाद नाही. तरी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजातून ते एकदाही आत गेलेले नाहीत. पुणे कसे आहे असे विचारले, तर ते त्या दिवशीचा भाव सांगतात!

कोणी म्हणेल, यात शहराचा काय दोष? ज्याला हौस असेल तो वेळ काढतोच. पाहण्याची दृष्टी हवी. हा आक्षेप अगदीच खोटा नाही. कामासाठी निघालेल्या माणसानेही मनात आणले तर किती पाहता येते, याचे उदाहरण मराठीत आहेच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेले ते तीर्थाटनाच्या हौसेने नव्हे. घरात कर्ज होते. तिकडे मोठा यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल, म्हणून गेले. म्हणजे शुद्ध कामाचीच खेप! पण वाटेत बंडाची धामधूम उसळली, झाशीच्या वेढ्यात ते सापडले आणि जे दिसले ते त्यांनी पुढे लिहून ठेवले. १९०७ साली 'माझा प्रवास' प्रसिद्ध झाला आणि मराठीला एक अमोल ग्रंथ लाभला. पोटासाठी फिरणाऱ्याला डोळे नसतात, असे म्हणण्याची सोय या भटजींनी ठेवली नाही.

परंतु गोडसे भटजींची आणि माझ्या वडिलांची तुलना करताना एक गोष्ट विसरता येत नाही. भटजी जेथे जात, तेथे त्यांना ओसरी मिळत होती, पान मिळत होते, मान मिळत होता. परक्या गावात बसायला जागा मिळाली तरच माणूस मान वर करून इकडेतिकडे पाहतो. ज्याला उभ्याउभ्याच काम उरकून निघायचे आहे, त्याला रस्ता दिसतो. शहर दिसत नाही. दृष्टी हवी हे खरे. पण दृष्टीलाही थोडी सवड लागते आणि टेकायला एक बाक लागतो.

आपल्या पुण्याचाच इतिहास पाहा. पेशवाईत श्रावणमासी विद्वान ब्राह्मण लांबलांबून दक्षिणेसाठी येथे येत. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई. तीही कामापुरतीच खेप. पण राज्याने त्या पाहुण्यांची व्यवस्था केली होती. पेशवाई गेल्यावर त्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. म्हणजे पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतात, त्या माहेराच्या पायात या बाहेरून आलेल्यांच्या निमित्ताने ठेवलेला पैसाही आहे. मात्र त्या रमण्यात आमच्या वाडवडिलांना प्रवेश नव्हता. ते भाजी आणि फुले घेऊन शहराच्या मागल्या दाराने येत आणि त्याच दाराने परत जात.

पुरंदरच्या वाटेने पुण्यास किती काय आले, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते. पहिले बाजीराव सासवडहून बिऱ्हाड हलवून येथे आले आणि १७३० साली त्यांनी शनिवारवाड्याचा पाया घातला. जोतीराव फुले यांचे घराणे मूळ कटगुणचे. पुढे आमच्या खानवडीस आले आणि तेथून पुण्यास. फुलांच्या धंद्यावरून त्यांना 'फुले' हे आडनाव पडले. त्याच घराण्यातील जोतीरावांनी १८४८ साली बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. तो वाडा आता उभा नाही. स्मारक उभारण्यासाठी २०२३च्या डिसेंबरात तो पाडण्यात आला. पण त्या जागेवरून जाताना मला नेहमी वाटते, की धंद्यासाठी पुण्यात आलेल्या एका कुटुंबाला येथे टेकायला जागा मिळाली नसती, तर आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली मुलगी आज हे लिहीत असते काय?

तेव्हा माझे म्हणणे असे, की शहराची परीक्षा तेथे कायम राहणाऱ्यांनी घेऊ नये. ती एका दिवसासाठी आलेल्याला घेऊ द्यावी. बंगल्यात राहणाऱ्याला सार्वजनिक नळ कोठे आहे हे ठाऊक नसले तरी चालते. पण दवाखान्याच्या कामाला आलेली खेड्यातील बाई सकाळपासून पाणी पीत नाही; कारण पाणी प्यायले तर जायचे कोठे? माझ्या आईने असे दिवस काढले आहेत. पुण्याचे नाव निघाले की तिला पर्वती आठवत नाही. ती कोरड आठवते. आपली संस्कृती किती थोर आहे यावर आपण गॅदरिंगमध्ये भाषणे करतो. पण स्वच्छ मुतारी, पाण्याचा माठ, सामान ठेवायला खोली आणि ठळक मराठीतली पाटी, हीदेखील संस्कृतीच नव्हे काय?

हे अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली. ओझी वाहणाऱ्यांनीच कष्टकऱ्यांसाठी स्वस्त आणि पोटभर अन्नाची सोय केली. बाहेरगावाहून आलेला गरीब माणूसही तेथे मानाने बसून झुणका-भाकर खाऊ शकतो. माझे वडील पुण्यात कोठे आनंदाने बसले असतील, तर ते तेथेच.

आता तर एक सोय आणखी झाली आहे. २०२४च्या सप्टेंबरपासून स्वारगेटहून भुयारी मेट्रो धावते आणि मंडई हे तर पुढचेच स्थानक. वर आले की १८८६ साली बांधून झालेली आणि आज जोतीरावांचे नाव मिरवणारी मंडई उभी आहे. तेथून भिडेवाड्याची जागा आणि शनिवारवाडा पायी जाण्यासारखा. मंडईच्या पलीकडे शुक्रवार पेठेत राजा केळकर संग्रहालय आहे. तेथे दिवे, अडकित्ते, भांडी अशा साध्या संसारातील वस्तू जपून ठेवल्या आहेत. आमच्या आजीच्या घरातली वस्तू काचेच्या कपाटात मानाने ठेवलेली पाहून वडिलांना काय वाटेल, याचे मला कुतूहल आहे. परंतु पट्टी हातात पडते त्या वेळी शहरातली अशी दारे बंद असतात आणि ती उघडतात तोवर ते घाट चढून गेलेले असतात. आठवड्यातून एखादा दिवस जरी ही दारे बाजाराच्या वेळेला उघडली, तर काय बिघडेल?

नगरपित्यांनी काय करावे हे सांगण्याचा माझा अधिकार लहान आहे. पण आपण विद्यार्थी काय करू शकतो, हे सांगते. पासोड्या विठोबा, जिलब्या मारुती, खुन्या मुरलीधर अशा नावांनी भांबावलेला माणूस पत्ता विचारतो, तेव्हा हात उडवून "पुढे जा" म्हणणे सोपे असते. पुणेरी पाट्यांवर आपण हसतो. पण त्या माणसाला ते हसू कळत नाही, त्याची एसटी चुकते. चार पावले त्याच्याबरोबर चालावे. वाटेत एखादा वाडा, एखादे देऊळ दाखवावे आणि त्याचे नाव का पडले ते सांगावे. त्याला तेवढेच पुणे घरी न्यायचे असते. पुढल्या हंगामात वडिलांना तेवढी एक सकाळ थांबवायचे मी ठरवले आहे. त्या दिवशी रानाला पाणी माझा भाऊ देईल.

(द्वितीय वर्ष, कला)